चार सूत

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



कवी माणसाला आकाशवाणीनं बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असं सगळे धरून चालतात. मी आज मोटारीच्या मागच्या टायरवर बोलणार आहे. तोही आपल्याकडच्या मोटारीच्या नव्हे, तर अमेरिकेतल्या, 1970 सालच्या एका दांडग्या गाडीच्या. विषय ऐकून कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. मी म्हटलं, पंधरा मिनिटं द्या, नाही जमलं तर उरलेल्या वेळात गझल म्हणतो.

2023 च्या उन्हाळ्यात मी दोन महिने अमेरिकेत होतो. माझा पुतण्या डेट्रॉईटच्या पश्चिमेला राहतो. पुण्यात इंजिनिअर झालेली आपली किती तरी मुलं मोटारींच्या कारखान्यांमागोमाग त्या भागात गेली, त्यांतलाच तो एक. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. आमचं घर कराडचं. हमरस्त्याला अब्बांचं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढणं, ट्यूब जोडणं, ट्रकची चाकं चढवणं-उतरवणं अशी सगळी कामं तिथं चालत. अब्बांनंतर ते भाईजाननी चालवलं. मी कॉलेजात बी. ए. करत होतो, तेव्हा संध्याकाळी दुकानात बसायचो आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर कविता लिहायचो. गल्ल्याचा हिशेब कधी जुळायचा नाही, तो का, हे भाईजानना फार उशिरा कळलं.

भाईजान 2021 च्या एप्रिलमध्ये करोनानं गेले. पुढं दुकानही गेलं. मी निघण्याआधी पुतण्याचा फोन आला. आपल्या मुलांना परदेशात काय हवं असतं, तर चिवडा, गोडा मसाला, कोल्हापुरी चटणी. हा म्हणाला, “चाचा, दुकानातलं हवा मोजायचं ते जुनं गेज कुठं असलं तर घेऊन या.” होतं माझ्याकडे. पितळी, डोक्यावरची काच तडकलेली. मोज्यात गुंडाळून बॅगेत घातलं.

तर ती गाडी. घराच्या गॅरेजमध्ये हिरव्या कापडाखाली झाकून ठेवलेली. पुतण्यानं कापड ओढलं आणि बाजूला उभा राहिला. बैलगाडीच्या शर्यतीचा बैल दाखवताना आपल्याकडचा शेतकरी जसा उभा राहतो, अगदी तसा. डॉज चॅलेंजर. लाल रंग, लांबलचक नाक, दोनच दारं, आणि मागं बसायला जागा जेमतेम. कंबरेपासून मागचा भाग असा फुगलेला, की उडी मारायच्या आधी मांजर बसतं ना, तसं वाटावं. मागचे टायर भलते रुंद.

या जातीच्या गाड्यांना तिकडं ‘मसल कार’ म्हणतात. युक्ती साधी होती. मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं. 1964 साली पाँटिॲकच्या जीटीओनं ही लाट उठवली. चॅलेंजर तशी उशिरा आली, 1970 च्या हंगामात, पण पहिल्याच वर्षी पाऊण लाखावर गाड्या खपल्या. तिचं सगळ्यात ताकदवान इंजिन 425 अश्वशक्तीचं होतं. त्या काळची अश्वशक्ती मोजायची रीत जरा उदार होती, हेही सांगून टाकतो. आणि मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. 1974 मध्ये चॅलेंजर बंद. पुढं त्याच नावाची नवी गाडी आली, तीही मी परत आलो त्या वर्षाच्या डिसेंबरात थांबली.

पुतण्याची गाडी मात्र त्या 425 वाल्यांपैकी नव्हती. समोरच्या काचेच्या आत, चालकाच्या बाजूला, एक बारीक पट्टी असते. तिच्यावरचा नंबर तो मला वाचून दाखवू लागला. जेएच म्हणजे साधी चॅलेंजर, 23 म्हणजे दोन दारांची, जी म्हणजे 318 घनइंचाचं इंजिन, 230 अश्वशक्ती. शून्य म्हणजे 1970. “आणि हा बी, चाचा. बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. इथून पाऊण तासावर.” खरे शौकीन 318 वाल्या गाडीला मसल कार म्हणायलाही नाखूश असतात. पण शौकीन लोक कुठले खूश असतात? गझलेतले जाणकारही तसलेच.

पहिल्याच रविवारी आम्ही फिरायला निघालो. सूनबाई पुढं आणि मी मागं, चालकाच्या पाठीशी, गुडघे हनुवटीला टेकवून. मिशिगनचे रस्ते काही सिनेमातल्या अमेरिकेसारखे नाहीत. हिवाळ्यात पाणी भेगांत गोठतं, फुगतं, वितळतं आणि खड्डे करतं. एका रेल्वे फाटकावर गाडी खाली बसली आणि माझ्या बुडाखालून आवाज आला. खर्रर्र. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. मग वास आला. तो वास मला कुणी सांगायची गरज नव्हती. टायर पत्र्याला घासत होता.

घरी येऊन पाहिलं. डाव्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते तिथं, गोल फिरलेली चर पडली होती. बोटानं चाचपली तर रबराची बारीक साल हातात आली. श्रोतेहो, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो, तिथलं पंक्चर निघतं. बाजू पातळ असते. तिथं पत्र्यानं आतल्या धाग्यांपर्यंत चीर पाडली, तर त्याला इलाज नाही. तो फुटतो, आणि फुटतो तो वेगात असतानाच. मी म्हटलं, “आणि यात तू माणसं बसवतोस?” तो म्हणाला, “एकटा चालवतो तेव्हा घासत नाही. मागं कुणी बसलं की घासतो.” म्हणजे दोष माझ्या वजनाचा!

त्याचा उपाय ठरलेला होता. मागच्या मडगार्डची कड आतल्या बाजूला काटकोनात दुमडलेली असते, साधारण इंचभर. टायर त्या दुमडीला लागत होता. ती दुमड ग्राइंडरनं उडवायची, रंगाचा हात मारायचा, काम संपलं. ग्राइंडर आणूनही ठेवला होता. घाईचं कारणही होतं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून. साधासुधा रस्ता नव्हे तो. 1909 साली अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैल तिथंच झाला. साठच्या दशकात तरुण पोरं रात्री तिथं शर्यती लावत, आणि कारखान्यांतले इंजिनिअर आपल्या नव्या गाड्या गुपचूप तिथंच पळवून पाहत, असं म्हणतात. तर पुतण्याला त्या शनिवारी तिथं जायचंच होतं, आणि तेही मला मागं बसवून.

शनिवारी सकाळी त्यानं जॅक लावला. डाव्या चाकाचे नट सैल करायला बसला. पाना लावला, जोर दिला, हलेना. पान्यावर पाइप घातला, जोर दिला, हलेना. मग पाइपवर उभा राहिला. इंजिनिअर माणूस, बोलू कसं? पण मला दुकान आठवलं. मी म्हटलं, “बेटा, उलटा फिरव.”

तो म्हणाला, “चाचा, उलटाच फिरवतोय.”

“मग सुलटा फिरव. डाव्या अंगाचं चाक आहे.”

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असायचे, म्हणजे चाक फिरताना ते आपोआप सैल होऊ नयेत. दुकानात सातव्या-आठव्या वर्षी कळलेली गोष्ट. क्रायस्लर कंपनीच्या 1970 पर्यंतच्या गाड्यांनाही डावीकडं तसेच नट असत, हे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी आपला अंदाजानं बोललो. त्यानं पाना दुसरीकडं वळवला आणि नट निघाला. बोल्टाच्या टोकावर एवढंसं इंग्रजी ‘एल’ कोरलेलं होतं. दोन महिन्यांत मी त्या गाडीसाठी केलेलं हे एकमेव काम, पण ते मी प्रत्येक मुक्कामी सांगितलेलं आहे.

आता पुतण्या जरा माझं ऐकण्याच्या मनःस्थितीत आला. मी विचारलं, “उजवीकडं का घासत नाही?” दोन्हीकडं टायर तेच, रिम त्याच, माणूस मध्ये बसला तरी डावाच घासतो. तो गप्प राहिला. मग म्हणाला, “हॅमट्रॅमकला एक म्हातारा आहे.”

हॅमट्रॅमक हे डेट्रॉईटच्या पोटातलं छोटं गाव. जवळजवळ चारी बाजूंनी डेट्रॉईट आणि मध्ये हे. डॉज बंधूंनी 1910 मध्ये तिथं कारखाना काढला. आधी ते हेन्री फोर्डला सुटे भाग पुरवत, पुढं स्वतःची गाडी काढली. 1920 या एकाच वर्षात दोघे भाऊ गेले आणि 1928 मध्ये कारखाना क्रायस्लरकडं गेला. गाव पोलंडमधून आलेल्या कामगारांचं होतं. नंतर येमेनी आले, मग बांगलादेशी आले. 2004 मध्ये तिथल्या नगरमंडळानं भोंग्यावरून अजान द्यायला रीतसर परवानगी दिली. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारची अजान चालू होती आणि शेजारच्या बेकरीतून पोलिश पावाचा वास येत होता. कारखाना मात्र उरलेला नाही. 1980 च्या जानेवारीत तो बंद पडला आणि मग पाडला गेला. त्या जागी दुसऱ्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. 2021 मध्ये तिथून विजेवर चालणारी गाडी बाहेर पडली.

म्हातारा येमेनी. सत्तरीच्या पुढचा. वीस वर्षांचा असताना आला, त्या कारखान्यात लागला, बंद पडेपर्यंत राहिला. मग घराच्या मागं पत्रा ठोकायची शेड घातली. आता काम मुलगा बघतो आणि हा खुर्चीत बसून चुका काढतो. मी सलाम केला, त्यानं खुर्ची पुढं केली. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं असल्यामुळं आमचं छान जमलं. मी मनात त्याला उस्ताद म्हणू लागलो, कारण दुकानांत अशा माणसाला आपण दुसरं काही म्हणत नाही.

पुतण्यानं दुमड कापायची गोष्ट काढली. उस्तादनं डोळे मिटले. मग समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. ती दुमड म्हणजे शोभेची कड नव्हे. बाहेरचा पत्रा आणि चाकावरचा आतला घुमट, असे दोन पत्रे तिथं एकत्र येतात आणि टाके घालावेत तशा ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगनं जोडलेले असतात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दुमड कापली की शिवण उसवली. मग हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मिठाचं पाणी त्या फटीतून आत जाणार आणि दोन-तीन वर्षांत आतून सगळं खाणार. मिशिगनमध्ये जुन्या गाड्या अपघातानं मरत नाहीत, मिठानं मरतात.

त्यानं मुलाकडून ओळंबा मागवला. खरोखरचा ओळंबा, गवंड्याचा असतो तसा, दोरीला पितळी लोलक. गाडी सपाट फरशीवर, आपल्या चाकांवर उभी. मडगार्डच्या कडेवरून दोरी सोडली आणि दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंत अंतर मोजलं. उजवीकडं अर्धा इंच. डावीकडं दोरी टायरला टेकलेलीच. अर्ध्या इंचाचा फरक, म्हणजे आपल्या दुकानाच्या हिशेबात चार सूत. आठ सुतांचा इंच. ही मापं अजून कुणाच्या तोंडी आहेत की नाही, देव जाणे, पण माझ्या तोंडी आहेत.

मग तो म्हणाला, हे चार सूत कुठून आले, ते शोधा. टायर घासतो तिथं पत्र्याचा दोष असेलच असं नाही. गाडीचा मागचा आस डावीकडं सरकला असेल किंवा पत्रा आत आला असेल. नाही तर दोन्ही असेल. मुलगा खाली गेला. दोन्ही चाकांपासून आतल्या सांगाड्याच्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजलं. आस एक सूत डावीकडं होता. आता गंमत बघा. आस एक सूत डावीकडं गेला की डावीकडची जागा एक सुतानं कमी होते आणि उजवीकडची एक सुतानं वाढते. फरक पडतो दोन सुतांचा. म्हणजे चारांतले दोन सापडले.

आस सरकला कसा? या गाडीला मागं आपल्या ट्रकसारखेच पाटे असतात, एकावर एक रचलेले. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात रबरी बुश, मागं लोंबता दुवा, त्यालाही बुश. आस पाट्यांवर यू-बोल्टनं आवळलेला. त्याला आडवा धरून ठेवणारं दुसरं काही नाही, जे काही आहे ते पाटे आणि बुश. त्रेपन्न वर्षांत ते रबर भाकरीच्या कडेसारखं चुरलं होतं. शिवाय आधीच्या कुणी मालकानं मागचा भाग उंच दिसावा म्हणून लांब दुवे घातले होते, सत्तरच्या दशकात ती फॅशनच होती. दुवा लांब झाला की पाटा बाजूला जास्त डुलतो. आणि रिम! मूळ टायर अरुंद होते. नंतर कुणी आठ इंच रुंद रिम घातल्या, त्याला हरकत नाही, या गाडीच्या पोटात तेवढी जागा आहे. पण रिमचा मधला भाग, जो आसाला बसतो, तो आतल्या कडेपासून चार इंचांवर होता. साडेचार हवा होता. त्यामुळं दोन्ही टायर चार-चार सूत बाहेर आले होते. उजवीकडं ते खपून गेलं, डावीकडं नाही.

उरलेले दोन सूत. उस्ताद खुर्चीतून उठला, खिशातून लोहचुंबक काढलं. फ्रीजच्या दारावर चिकटवतात तसलं, फळाचं चित्र असलेलं. उजव्या मडगार्डला लावलं, चिकटलं. डाव्या मडगार्डला, चाकाच्या कमानीवर लावलं, खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिथं पत्रा नव्हताच. लांबी होती, बोटभर जाड. वरून झकास लाल रंग.

पुतण्याचा चेहरा मी पाहिला नसता तर बरं झालं असतं. वर्षभर दर रविवारी त्यानं तीच लांबी पॉलिश केली होती.

घरी परतताना तो काही बोलला नाही. मला मात्र अब्बांचा एक ट्रक आठवत राहिला. उसाचा हंगाम होता. रात्री नऊला एक ट्रक दुकानाशी थांबला, ऊस असा भरलेला की मागं दिवा दिसत नव्हता. एका अंगाचा टायर बॉडीला घासत होता. ड्रायव्हर म्हणाला, वरचा पत्रा ठोकून उचला, मला पहाटेच्या आत काट्यावर नंबर लावायचाय. अब्बांनी टॉर्च घेतला, खाली वाकले, बराच वेळ पाहिलं. मुख्य पाटा तुटला होता. म्हणाले, ऊस उतरव, पाटा बदल, नाही तर माझ्याकडून हातोडा लागणार नाही. ड्रायव्हर चिडला आणि निघून गेला. पुढं कुणाकडून तरी त्यानं पत्रा ठोकून घेतला असणार. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच ट्रकचा टायर अब्बांच्या दुकानात आला, चिंध्या झालेला. अब्बांनी एक शब्द न बोलता दुसरा टायर चढवला, आणि पैसे नेहमीपेक्षा जास्त घेतले. तेव्हा भाईजान पंधरा वर्षांचे असतील. त्यांनी विचारलं, जास्त का? अब्बा म्हणाले, काल रात्रीच्या टॉर्चचे.

ही गोष्ट मी पुतण्याला सांगितली. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, “मला अब्बांनी कधी सांगितली नाही. दुकानातलं काहीच सांगायचे नाहीत.”

खरं होतं ते. भाईजान त्याला दुकानाच्या पायरीवर चढू देत नसत. शाळेतून आला की दोन रुपये हातावर ठेवून घरी पिटाळायचे. पोराच्या हाताला काळं लागू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आमच्यासारख्या घरांतून पोरं वर आली ती अशा हट्टांवर, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण पोराला बापाचे हात ज्यात दिसायचे, ते कामच त्यानं कधी जवळून पाहिलं नाही.

पुढचे तीन आठवडे आमचं गॅरेज म्हणजे दुकान झालं. पत्र्याचं काम हॅमट्रॅमकला. उस्तादच्या मुलानं लांबी घासून काढली. खाली जुन्या अपघाताची दुरुस्ती निघाली, गंजलेला पत्रा तसाच ठेवून त्यावर दुसऱ्या पत्र्याचं ठिगळ, आणि ते आत दबलेलं. तेच आपले दोन सूत. ठिगळाच्या पाठीमागं, ब्रश न पोहोचलेल्या कोपऱ्यात, हातभर जागेत मूळ रंग शिल्लक होता. केशरी, पिकलेल्या हापूससारखा. बॉनेटखाली कारखान्याची पत्र्याची चिठ्ठी असते, तिच्यावर रंगाचा आकडा होता ईके2, आणि डॉजनं त्या वर्षी त्या रंगाला नाव दिलं होतं ‘गो मँगो’. पुतण्याला कागदावर हे माहीत होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. उस्तादनं त्या रंगावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, हा आमच्या वेळचा. एवढंच म्हणाला.

गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. मग दुमड कापली नाही, वळवली. त्यासाठी एक साधन असतं. चाक काढून त्याच्या पाच बोल्टांना ते आवळायचं, त्याच्या लांब हाताच्या टोकाला कडक प्लॅस्टिकची फिरकी. रंग तडकू नये म्हणून पत्रा गरम हवेनं शेकायचा, आणि ती फिरकी कमानीच्या आतून मागं-पुढं, मागं-पुढं न्यायची, दर खेपेला थोडा दाब वाढवत. दुमड हळूहळू वर झोपते. घाई केली तर बाहेरच्या पत्र्याला लाटा पडतात. दोन्ही बाजूंना मिळून अख्खी दुपार गेली. चपातीची कड शेकणारा माणूसच हे काम करू जाणे.

बुश आणि दुवे आम्ही घरी बदलले. आम्ही म्हणजे त्यानं. इथं एक बारकावा आहे. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर अधांतरी असताना पक्के आवळायचे नसतात. तेव्हा पाटे लोंबलेले असतात. त्याच स्थितीत आवळले, तर गाडी खाली बसल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी सगळं सैल लावायचं, आस मधोमध आणायचा, गाडी तिच्या वजनानिशी चाकांवर उभी करायची आणि मग खाली झोपून आवळायचं. चाकांखाली उतरत्या फळ्या होत्या. पुतण्या पाठीवर सरकत आत गेला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. मी स्टुलावर, हातात टॉर्च.

बराच वेळ पान्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि खालून आवाज आला, “चाचा, अब्बांची माती मी फोनवर पाहिली. मध्येच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा सगळे हात झटकत होते.”

मी काय बोलणार? मी तिथं होतो. आम्ही चार-पाचच जण होतो, अंगावर प्लॅस्टिकचे झगे, जवळही जाऊ दिलं नव्हतं. मी टॉर्च जरा डावीकडं केला. म्हटलं, “तिकडचा राहिला बघ.” तो म्हणाला, “हो,” आणि पाना पुन्हा चालू झाला.

गाडी त्यानं भाईजान गेल्यानंतर वर्षभरानं घेतली होती. का घेतली, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

साडेचार इंचवाल्या रिम आल्या. रिम न बदलता मध्ये चकत्या घालून भागवता येतं का, असं मी विचारलं होतं. उस्ताद म्हणाला, चकती टायर बाहेर ढकलते, आत ओढत नाही, जरा विचार करून बोला. बरोबर होतं. टायरही नवे घेतले, चर पडलेला तो गॅरेजच्या कोपऱ्यात उभा राहिला. पुन्हा ओळंबा सोडला. दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच अंतर. एका सुताच्या आत फरक. उस्ताद म्हणाला, कारखान्यातूनही याहून नेमकी निघत नव्हती. पट्टा थांबत नसे, हाताला येईल तसं बसवायचं आणि पुढची गाडी घ्यायची. पत्र्याच्या कामाचे पैसे त्याच्या मुलानं रोकडे घेतले, पुतण्याच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त. ओळंब्याचे मात्र घेतले नाहीत. मला अब्बांचा टॉर्च आठवला, पण मी गप्प बसलो.

रंगाला वेळ उरला नाही. त्यामुळं 19 ऑगस्टला आम्ही वुडवर्डला निघालो, तेव्हा गाडी लाल आणि डाव्या चाकावर राखाडी अस्तराचा मोठा चट्टा, धोतराला लावलेल्या ठिगळासारखा. सूनबाई म्हणाली, मी पुढं बसते, निदान तो दिसणार नाही. मी माझ्या जागी, गुडघे हनुवटीला.

निघण्यापूर्वी हवा बघायची होती. पुतण्याकडे आकडे दाखवणारं नवं यंत्र आहे. त्यानं बत्तीस पौंड भरली. मग आत जाऊन ते पितळी गेज घेऊन आला, बारीक फडक्यानं पुसलेलं, आणि चारी चाकांना लावलं. ते प्रत्येक चाकाला तीस दाखवत होतं.

मी म्हटलं, “जुनं झालंय. दोन पौंड कमी दाखवतं.”

“पहिल्यापासून दाखवतं,” तो म्हणाला. “अब्बा दोन मनात धरायचे.”

हे त्याला कसं माहीत, कुणास ठाऊक. पायरीवर चढू न दिलेल्या पोरानं कुठून तरी पाहिलं असणार.

त्या रेल्वे फाटकाशी आल्यावर त्यानं वेग कमी केला नाही. गाडी खाली बसली, वर आली. मी कान देऊन ऐकत होतो. रूळ वाजले, सूनबाईच्या बांगड्या वाजल्या, दुसरं काही नाही. फाटकापलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि मडगार्डच्या आतून बोटं फिरवली. मग बोटं पाहिली. ती काळी होती, पण ते नव्या टायरचं काळं, घासल्याचं नव्हे. ती त्यानं पॅंटला पुसली. सूनबाई ओरडली, धुतलेली पॅंट आहे म्हणून. आणि आम्ही पुढं निघालो, कारण वुडवर्डला गर्दी व्हायच्या आत पोहोचायचं होतं.